साडेसात हजार शब्दांचा पेपर १५ मिनिटांत कसा बोलायचा?

बालाघाटची_लेक

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढतेय.

मी इतिहासात पीएचडी करतेय, तिसरं वर्ष. विषय १९७२च्या दुष्काळातली सरकारी कामं आणि त्यावर गेलेल्या बायका. बीड जिल्ह्यातल्या गावांमधून फिरून म्हाताऱ्या बायकांच्या मुलाखती घेतल्या, जोडीला सरकारी अहवाल आणि तेव्हाची वर्तमानपत्रं बघितली. त्यावरचा साडेसात हजार शब्दांचा पेपर एका सेमिनारला घेतलाय, पुढच्या महिन्यात आहे. बोलायला १५ मिनिटं आणि वर ५ मिनिटं प्रश्नांना.

काल मोबाईलवर टायमर लावून पेपर मोठ्यानं वाचला तर ६८ मिनिटं लागली. मग कापायला बसले. प्रस्तावनेचं थोडं ठेवलं, आधीच्या संशोधनाचा आढावा थोडा, पद्धती थोडी, चारही तक्त्यांतला एकेक आकडा, निष्कर्षाच्या चार ओळी. ते सगळं १६ मिनिटांत बसतंय पण वाचताना अनुक्रमणिका वाचल्यासारखं वाटतं, एकाही मुद्द्यावर जीव लागत नाही.

गेल्या वर्षी एका ठिकाणी मी पेपर तसाच्या तसा वाचत गेले आणि सातव्या पानावर असताना समोर चिठ्ठी आली, वेळ संपली. निष्कर्ष राहूनच गेला. ज्या गोष्टीसाठी दोन उन्हाळे गावोगाव फिरले तीच सांगता आली नाही, परत येताना एसटीत फार वाईट वाटत होतं, स्वतःपेक्षा त्या बायकांसाठी. या वेळी तसं होऊ द्यायचं नाहीये. काय ठेवू, काय सोडू, स्लाइड किती करू, वाचू का बोलू? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सांगा.

---

जुना_खडू

बेटा, तू कापत बसलीस तिथंच गाडी अडली. पेपर कापून भाषण होत नाही. आणि वाचू तर नकोच, बोल. पेपर बाजूला ठेव, दोन दिवस उघडू नकोस, आणि कोऱ्या कागदावर एकच वाक्य लिही: मला या मुलाखतींतून असं काय कळलं जे मला आधी माहीत नव्हतं. विषय काय ते लिहू नको हं, कळलं काय ते लिही. मी तीस वर्षं शिकवलं, पुष्कळ मुलांचे पेपर ऐकले, आणि शेवटपर्यंत लक्षात राहिले ते हे एक वाक्य ज्यांच्याकडे होतं त्यांचेच.

आता हिशोब. तुझा वेग तूच मोजलास, साडेसात हजार भागिले ६८ म्हणजे मिनिटाला साधारण ११० शब्द. १५ मिनिटांना १६५० झाले, त्यातून सुरुवातीचं स्वागत, माईक नीट करणं, स्लाइड बदलणं वजा कर, म्हणजे १४०० शब्द हातात. एवढ्यात एक मुद्दा, त्याला दोन पुरावे आणि एका बाईची गोष्ट, इतकंच बसतं. चार तक्ते बसत नाहीत. ते पेपरात आहेतच, ज्याला हवेत तो मागून घेईल.

रचनेसाठी मी मुलांना नारदीय कीर्तन बघायला सांगायचो. बुवा आधी एक अभंग घेतात, पूर्वरंगात त्याचा अर्थ उलगडतात, मग उत्तररंगात आख्यान लावतात आणि आख्यान संपता संपता परत त्याच अभंगावर येतात. समोरचा माणूस दोन तास बसतो कारण आपण कुठून निघालो आणि कुठं चाललोय हे त्याला सतत ठाऊक असतं. तुझं ते एक वाक्य म्हणजे तुझा अभंग. सुरुवातीला म्हण, मधे एकदा म्हण, शेवटी म्हण. लिहिताना पुनरुक्ती दोष असतो, बोलताना तोच ऐकणाऱ्याचा आधार. वाचणारा मागचं पान उलटून बघतो, ऐकणाऱ्याच्या हातात पान कुठंय?

---

ब्रिस्बेनकर

जुना_खडू सरांच्या 'एकच वाक्य लिही' या सल्ल्याला माझा दुजोरा. मी इथे क्वीन्सलँड विद्यापीठात आहे, थ्री मिनिट थीसिस स्पर्धा इथेच २००८ मध्ये सुरू झाली, आता बऱ्याच देशांत होते. अख्खा प्रबंध तीन मिनिटांत सांगायचा, एकच स्लाइड, त्यात काही हलत नाही, व्हिडिओ नाही, हातात कुठली वस्तू घेऊन दाखवायची नाही, आणि ऐकणारे तुमच्या विषयातले नसतात. माझा विषय मातीतले जिवाणू. पहिल्यांदा तयारी केली तेव्हा मला वाटलं होतं की यानं संशोधन उथळ होईल, पण उलट मला पहिल्यांदा कळलं की माझ्या पाच प्रयोगांपैकी खरं बोलणारा एकच आहे.

ताई, तुम्ही १५ मिनिटांचं लिहायच्या आधी ३ मिनिटांचं बोलून बघा. लिहू नका, बोला, फोनवर रेकॉर्ड करा. मैत्रिणीला चहाच्या टपरीवर सांगताना तुम्ही जिथून सुरू कराल तेच तुमचं पहिलं मिनिट. नंतर ते ३ चे १५ करायचे. ६८ चे १५ करायला गेलं की प्रत्येक ठिकाणी काहीतरी तोडल्याचं दुःख होतं, ३ चे १५ करताना एकेक चांगली गोष्ट परत मिळत जाते.

---

बालाघाटची_लेक

दोघांचे आभार. वाक्य लिहायला तीन दिवस लागले. आत्ता जे आहे ते असं:

"बहात्तरच्या कामांकडे आपण पोट भरायची सोय म्हणून बघतो, पण ज्या बायका तिथं गेल्या त्यांना सगळ्यात जास्त आठवतं ते हे की हजेरीपटावर पहिल्यांदा त्यांचं स्वतःचं नाव लागलं आणि पैसे त्यांच्या हातात पडले."

माझ्या पेपरात हेच पान १९ वर असं लिहिलंय: "प्रस्तुत मौखिक साधनांतून स्त्रीश्रमाच्या वैयक्तिक नोंदणीची स्मृती ही उपजीविकेच्या स्मृतीइतकीच प्रभावी असल्याचे निदर्शनास येते." दोन्ही शेजारी ठेवल्यावर मला धक्काच बसला, म्हणजे मी १९ पानं लोकांना थांबवून ठेवलं होतं आणि शेवटी सांगितलं तेही असं.

पण आता दुसरी भीती. समोर प्राध्यापक बसणार, असं साधं बोलले तर त्यांना वाटेल हिला सिद्धांत येत नाही.

---

मोडीवाचक

त्या भीतीत तथ्य आहे म्हणून लिहितो, आणि जुना_खडू सरांशी थोडा असहमत पण आहे. आपल्याकडे शब्दच "पेपर वाचला" असा आहे, आणि इतिहासात वाचण्याला कारणही आहे, आपण कागदातले आणि माणसांच्या तोंडचे नेमके शब्द मांडतो, ते ओघात बदलले तर पुरावाच बदलला. त्यामुळे वाचू नकाच असं मी म्हणणार नाही. फक्त छापायला दिलेला पेपर वाचू नका. वाचण्यासाठी वेगळी संहिता लिहा, १४०० शब्दांची, तुम्ही बोलता तशा वाक्यांत. "करण्यात आले", "दिसून येते", "निदर्शनास येते" ही क्रियापदं दिसली की विचारायचं, कोणी केलं, कोणाला दिसलं? "मी विचारलं", "त्यांनी सांगितलं", "अहवालात लिहिलंय" असं केलं की वाक्य निम्म्यावर येतं आणि साधनांची जबाबदारीही स्पष्ट होते. हे साधं झालं म्हणून सैल होत नाही.

मुलाखतीतलं उद्धरण एकच घ्या, पूर्ण घ्या, त्या बाईच्या बोलीत घ्या. पाच बायकांची अर्धी अर्धी वाक्यं घेतली की एकीचाही आवाज ऐकू येत नाही. उद्धरणाच्या आधी दोन सेकंद थांबा आणि नंतर पण थांबा, संहितेत तिथं लाल रेघ मारून ठेवा, नाहीतर घाईत राहतं.

सिद्धांताची काळजी प्रश्नोत्तरांत मिटते. तुमच्या विषयावर एक प्रश्न येणार म्हणजे येणारच: ही कामं म्हणजे रोजगार हमी योजना का? तिथं पाय घसरू देऊ नका. ही योजना सुचवणारे, विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांची कल्पना दुष्काळाच्या आधीची आहे, सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यात त्यांनी ती साठच्या दशकात करून बघितली होती. दुष्काळात जी चालली ती टंचाईची कामं, म्हणजे सरकारनं टंचाईपुरती काढलेली. हमीचा कायदा १९७७चा आणि त्याचा अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. हा फरक एका मिनिटात सांगता आला की तुमच्या तयारीबद्दल कोणाला शंका राहत नाही. भाषणात हे घालू नका, उत्तर म्हणून खिशात ठेवा. असे पाच प्रश्न लिहा आणि प्रत्येकाची एक स्लाइड शेवटच्या स्लाइडच्या मागे लावून ठेवा. तुमचे चार तक्ते तिथं जातील, वाया जाणार नाहीत.

---

फॉन्टवाला

स्लाइडबद्दल कोणी बोललं नाही म्हणून, मी सेमिनारला तांत्रिक मदत करतो, दरवर्षी एकच गोष्ट बघतो. पेनड्राइव्ह लावला की मराठीच्या जागी चौकोन नाहीतर इंग्रजी अक्षरांचा गिचका. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेलं असतं आणि तिथल्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसतो. युनिकोडमध्ये करा, मंगल, कोकिला, नोटो काही चालेल, आणि पीडीएफ पण सोबत ठेवा, एक प्रत स्वतःच्या ईमेलवर पाठवा. आदल्या दिवशी नाही जमलं तर सत्राच्या आधी अर्धा तास जाऊन स्वतः उघडून बघा, जोडाक्षरं तुटत नाहीत ना ते बघा.

स्लाइड सहा-सात पुरे. जे तोंडानं बोलणार तेच स्लाइडवर लिहिलं की लोक वाचायला लागतात आणि तुमचं ऐकत नाहीत, तुमच्या आधीच त्यांचं वाचून होतं आणि मग मोबाईल बाहेर येतात. फोटो, नकाशा, हजेरीपटाचं एखादं पान मिळालं तर ते. अक्षर २८ च्या खाली नको, मागची रांग लांब असते.

आणि अजून एक, १५ मिनिटांवर विसंबू नका. दीपप्रज्वलन, सत्कार, प्रमुख पाहुण्यांचं मनोगत यात उद्घाटन तासभर लांबतं आणि जेवणाआधीच्या सत्राला सांगतात आठ मिनिटांत आटपा. आठ मिनिटांचं पण तयार ठेवा.

---

जुना_खडू

मोडीवाचक यांचं वाचनाच्या संहितेबद्दलचं म्हणणं मला पटलं, मी माझा शब्द तेवढ्यापुरता मागे घेतो.

आकड्यांबद्दल एक राहिलं. बेटा, तुझ्या तक्त्यात मे १९७३ चा आकडा असणार, कामांवर रोज जवळपास ५० लाख माणसं. हा आकडा नुसता वाचलास तर कानावरून जातो, ५० लाख काय, ५ लाख काय. त्याच्या शेजारी १९७१च्या जनगणनेचा आकडा ठेव, राज्याची लोकसंख्या ५ कोटींच्या थोडी वर. मग म्हण, "म्हातारी माणसं, तान्ही पोरं, मुंबई शहर, सगळं धरून महाराष्ट्रात दहा माणसं असतील तर त्यातलं एक त्या महिन्यात दुष्काळी कामावर होतं." आणि इथं थांब. अख्ख्या भाषणात हा एकच आकडा दे.

---

बालाघाटची_लेक

किती मनापासून लिहिलंय तुम्ही सगळ्यांनी. काय काय झालं ते सांगते.

आधी तीन मिनिटांचं रेकॉर्ड केलं. मग संहिता लिहिली, १३८० शब्द. रविवारी गावी गेले होते, तर आज्जीसमोर बसून म्हणून दाखवली. आज्जी स्वतः बहात्तरला खडी फोडायला जात होती, माझ्या तान्ह्या आईला पाठीशी बांधून. मी सुरू केलं, "दुष्काळी कामांतील स्त्रीश्रम" एवढं म्हणाले आणि तिनं विचारलं, स्त्रीश्रम म्हंजी काय गं? मी म्हणाले तुम्ही खडी फोडली ते. तर म्हणाली मग तसं म्हण की. तो शब्द काढला.

मग ऐकत होती गप. हजेरीपटाच्या वाक्याला मान हलवली. शेवटी म्हणाली, "सुकडी सांगितली न्हाईस, मिलोबी सांगितली न्हाईस. लाल लाल भाकर व्हायची, पोरं खात नव्हती. नाव लागलं ते खरंय, पर पोट आधी." (मिलो म्हणजे तेव्हा परदेशातून आलेली लाल ज्वारी, सुकडी म्हणजे कामावर वाटायचे तो कोरडा खाऊ.) आणि मला लक्षात आलं की माझं वाक्य जरा जास्तच सरळ झालंय, मुलाखतींत पण भाकरीचं बोलणं येतं, आणि नाव लागल्याचं त्याच्या मागोमाग येतं. मी नावाचं तेवढं उचललं होतं. आता वाक्य बदललंय:

"बहात्तरचं विचारलं की या बायका आधी भाकरीचं बोलतात, मिलोच्या लाल भाकरीचं, सुकडीचं. आणि त्याच दमात सांगतात की हजेरीपटावर त्यांचं नाव होतं. या दोन आठवणी त्या वेगळ्या करत नाहीत, आपल्या लिखाणात मात्र पहिलीच येते."

हे पेपरात पण बदलावं लागणार आहे, गाईडशी बोलले, ते म्हणाले बदल, मुद्दा पक्का होतोय. बोलायची तयारी करताना लिहिलेलं सुधारेल असं मला वाटलं नव्हतं.

वेळ लावली तर १३ मिनिटं ४० सेकंद. आठ मिनिटांच्या तयारीत आकडा, एक उद्धरण आणि हे वाक्य ठेवलंय, पद्धतीबद्दल फक्त दोन ओळी. एक विचारायचंय, उद्धरण आमच्या बोलीतलं आहे, सेमिनारला विदर्भ-कोकणातले पण लोक येतील, त्याचा प्रमाण मराठीत अर्थ सांगू का नको?

---

मोडीवाचक

स्लाइडवर बोलीतलं मूळ वाक्य मोठ्या अक्षरात द्या आणि खाली अडणाऱ्या एखाद-दोन शब्दांचा अर्थ बारीक. तोंडानं फक्त मूळ म्हणा. भाषांतर करून म्हणायला लागलात की तुमचा आवाज ऐकू येईल, बाईंचा नाही. आणि स्लाइडवर नाव-गाव टाकायच्या आधी त्या बाईंची परवानगी आहे का एकदा तपासा.

---

बालाघाटची_लेक

परवानगी आहे, तरी नाव-गाव काढून फक्त तालुका ठेवते. शनिवारी परत आज्जीसमोर म्हणणार, या वेळी उभं राहून.