व्हेनम 'ब्लॅक मेटल' नाहीत, हे कोणी ठरवलं?

जुनी_कॅसेट:
काल भाच्याने माझं कॅसेटचं खोकं उपसलं. व्हेनम या बँडची 'ब्लॅक मेटल' ही कॅसेट हातात घेऊन म्हणतो, "मामा, हे ब्लॅक मेटल नाहीच, स्पीड मेटल आहे." (दोन्ही हेवी मेटलचेच प्रकार.) अरे, इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या याच तिघांनी १९८२ साली हा शब्द अल्बमच्या कव्हरवर छापला! ज्यांनी बारसं केलं त्यांनाच घराबाहेर काढायचं? त्या खोक्यावर माझ्या हातची 'हेवी मेटल' अशी चिठ्ठी आहे, शाई फिकट झालेली. आत लेड झेपलिन, डीप पर्पल, ब्लॅक सॅबथ शेजारी शेजारी. तेव्हा कुणालाच खटकलं नाही. आता पहिल्या दोघांना क्लासिक रॉक म्हणायचं म्हणे. सूर तेच, कॅसेट तीच. मला तर हे इतिहास खोडणं वाटतं.

ट्रेमोलो:
बारसं केलं म्हणून नाव कायमचं तुमचं होत नाही. आज ब्लॅक मेटल म्हटलं की गिटारवर सलग ट्रेमोलो पिकिंग (एकच सूर भराभर छेडत राहणं), मागे ब्लास्ट बीट (ड्रमचा अखंड वेगवान मारा), किंचाळणारा आवाज आणि मुद्दाम खरखरीत ठेवलेलं रेकॉर्डिंग. हा बाज पक्का झाला नॉर्वेत. तिथल्या डार्कथ्रोन बँडचा 'अ ब्लेझ इन द नॉर्दर्न स्काय' हा अल्बम १९९२ चा, तो लावा आणि लगेच व्हेनम लावा. व्हेनममध्ये मोटरहेड बँडचा वेग आणि पंकचा धसमुसळेपणा ऐकू येतो. नवख्याला काय सांगायचं मग?

जुनी_कॅसेट:
मोटरहेडचं नाव काढलंत म्हणून सांगतो. त्यांचा गायक लेमी स्टेजवर आल्या आल्या सांगायचा की आम्ही रॉक अँड रोल वाजवतो. लोकांनी त्यालाही मेटलच्याच खणात टाकलं.

रात्रपाळी:
मी ट्रेमोलोंच्या बाजूने. खण नीट नसले की अन्याय होतो. १९८९ च्या ग्रॅमीत हार्ड रॉक आणि मेटलला मिळून एकच पुरस्कार होता. स्पर्धेत मेटालिका असताना तो मिळाला जेथ्रो टलला, बासरीवाल्या बँडला! त्यांच्याबद्दल मला आदरच आहे, पण मेटालिकाचा 'अँड जस्टिस फॉर ऑल' हा अल्बम ज्याने ऐकलाय त्याला विचारा. पुढच्याच वर्षी दोन वेगळे पुरस्कार केले, तेव्हा मेटलचा मेटालिकाला मिळाला.
आणि तुम्ही दोघंही बाथरी या बँडला विसरलात. स्वीडनचे, पहिला अल्बम १९८४. ती खरखर तिथे आधीच आहे.

जुनी_कॅसेट:
मग व्हेनम, बाथरी, सेल्टिक फ्रॉस्ट यांना पहिली लाट म्हणा, नॉर्वेवाल्यांना दुसरी. ते मला मान्य. 'नाहीच' हे मान्य नाही.

ट्रेमोलो:
पहिली लाट चालेल. झेपलिन मात्र क्लासिक रॉकच, त्यावरून मी मागे हटणार नाही.