सर्व्हरमधल्या बंद पंख्यातून हवा उलटी येते, झडप कुठल्या बाजूला बसवावी?

माळढोक_सोलापूर

नमस्कार मंडळी. मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत संगणक विभाग सांभाळते. आमचा मुख्य सर्व्हर २ यू उंचीचा आहे (यू म्हणजे रॅकमधल्या एका खणाची उंची). पुढे डिस्क, त्यामागे चार पंख्यांची आडवी ओळ, ओळीमागे दोन प्रोसेसर आणि रॅम. पंखे ८० मिमीचे, ३८ मिमी जाडीचे. डावीकडून तिसरा पंखा बंद पडला आणि उरलेले तिघे लगेच पूर्ण वेगाने सुटले, आवाज थेट कॅश काउंटरपर्यंत. तरी दुसरा प्रोसेसर ८६ अंशांवरून खाली येईना. त्याहून न उमगणारी गोष्ट म्हणजे पुढच्या डिस्कही तापायला लागल्या. थंड हवा आधी त्यांनाच मिळते ना? एसी चालू, खोलीत २४ अंश.

झाकण काढून बघितलं तर वारा वरूनच निसटतो, काही कळत नाही. म्हणून दुकानांच्या पाट्या करणाऱ्याकडून झाकणाच्या मापाची पारदर्शक ॲक्रिलिक शीट कापून घेतली आणि रविवारी, कामकाज बंद असताना, झाकणाऐवजी ती टेपने घट्ट बसवली. त्याआधी बंद पंख्याच्या जाळीला शिवणाचा दोरा बांधून ठेवला होता. तो मागे, प्रोसेसरकडे उडायला हवा. तो डिस्ककडे ताणला गेला होता. पंख्याची पातीही फिरत होती, पण उलटी, आणि इतकी सावकाश की एकेक पातं डोळ्यांना दिसावं.

दुरुस्तीवाले म्हणतात, "तीन पंख्यांवर आरामात चालतं, पार्ट आला की बघू." पार्ट कधी येणार, याचं उत्तर नाही. मे महिना तोंडावर आलाय. लाइट गेली की जनरेटर सुरू होऊन एसी लागेपर्यंत खोली तापते. सभासदांच्या ठेवींचा हिशोब या मशीनवर आहे, माझं "बघू"वर समाधान होत नाही.

विचारायचं ते असं: बंद पंखा तसाच आत राहू द्यावा का? उलटी हवा अडवायला झडप लावायची तर पंख्याच्या पुढे की मागे? आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून साधा ८० चा पंखा आणून तात्पुरता बसवला तर चालेल का?

ऐरोलीचा_वारा

ताई, दोरा बांधून बघितलंत हे फार चांगलं केलंत, आता अंदाज बांधत बसायला नको. मी ऐरोलीत एका डेटा सेंटरमध्ये सर्व्हरची देखभाल करतो, आमच्याकडे हे नेहमीचं दुखणं आहे.

पंख्यांच्या ओळीमागे दाब जास्त, पुढे कमी. चालू पंख्यांनी मागे ढकललेल्या हवेला दोन वाटा आहेत. एक तर प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या हीटसिंकच्या दाट पट्ट्यांतून, रॅमच्या फटींतून आणि केबलच्या गुंत्यातून मागच्या जाळीपर्यंत जायचं. नाहीतर शेजारच्या बंद पंख्याच्या भोकातून परत पुढे यायचं. दुसरी वाट कितीतरी सोपी आहे. परत आलेली हवा चालू पंखे पुन्हा ओढतात, पुन्हा मागे टाकतात. तुमचे तिन्ही पंखे भरपूर हवा हलवतायत, पण त्यातली बरीचशी तिथल्या तिथे गोल फिरतेय. डिस्कवरून जाते ती फक्त बाहेरून आलेली नवी हवा, म्हणजे तिघांनी ढकललेल्या हवेतून भोकातून परतलेली वजा करा. ती घटली म्हणून डिस्क तापल्या. खोलीचे २४ अंश उत्तम आहेत, सर्व्हरच्या तोंडाशी येणाऱ्या हवेसाठी वातानुकूलनाची मानकं ठरवणाऱ्या संस्थेची, अ‍ॅश्रेची शिफारस १८ ते २७ अंशांची आहे. पण प्रोसेसरला आता खोलीतली ताजी हवा पुरेशी मिळतच नाहीये.

वेग वाढवून हे भागत नाही. वेग दुप्पट केला की दाब चौपट होतो आणि त्या दाबाने भोकातून परतणारी हवाही जवळपास दुप्पट होते. गळतीचा वाटा आहे तेवढाच राहतो. वीज मात्र वेगाच्या घनाने वाढते. वेग २० टक्के वाढवला तर पंख्याला सुमारे ७३ टक्के जास्त वीज लागते.

तेव्हा बंद पंखा तसाच ठेवू नका, आजच्या आज ते भोक बंद करा. पंखा काढून त्याच्या खाचेच्या मापाचा दोन-तीन मिमी जाडीचा कडक प्लॅस्टिकचा तुकडा पक्का बसवा. पुठ्ठा नको. थर्माकोल तर मुळीच नको, सुटलेला दाणा शेजारच्या पंख्यात जातो. धातूचा पत्राही नको, खाली बोर्ड आहे. एकच प्रोसेसर असलेल्या सर्व्हरमध्ये पंख्याच्या रिकाम्या खाचेत कंपन्या डमी घालून देतात, ते याचसाठी. काही मॉडेलमध्ये पंखा कनेक्टरमधून निघाला की मशीन चालूच होत नाही. तसं असेल तर पंखा आत राहू द्या आणि तुकडा त्याच्या मागच्या तोंडावर लावा. मागचा दाबच त्याला चौकटीवर दाबून धरतो.

झडपही याच कारणासाठी मागे, हवा बाहेर पडते त्या बाजूला. पंखा चालू असला की वारा तिला उघडी ठेवतो. पंखा थांबला की ती स्वतःच्या वजनाने पडते आणि उलटा दाब तिला चौकटीवर आणखी घट्ट बसवतो. पुढच्या बाजूला लावलीत तर तिला आत, पात्यांच्या दिशेने उघडावं लागतं. तिथे जागा नसते, आणि पंख्याच्या तोंडाशी अडथळा आला की दाब घटतो, आवाज वाढतो. बिजागर वरच्या कडेला घ्या, आडवं. उभं बिजागर घेतलं तर वजन कामी येत नाही, स्प्रिंग लागते. ८० मिमीची अख्खी झडप उघडताना हीटसिंकवर आपटेल, म्हणून तीन-चार अरुंद पट्ट्या करा. पातळ पॉलिएस्टरची शीट चालते. झडपेपायी थोडा दाब खर्च होतो आणि पंखा मंद असताना पट्ट्या फडफडतात, हे धरून चला.

साधा पंखा मात्र अजिबात नको. डेस्कटॉपचा ८० चा पंखा फिरतो २००० आरपीएमच्या आसपास, तुमचे चालतायत त्याच्या चार-पाच पट वेगाने. वेग पाच पट म्हणजे दाब पंचवीस पट. तो कमजोर पंखा सुलट फिरत असतानाही शेजाऱ्यांचा दाब त्याच्यातून हवा उलटी ढकलेल. शिवाय सर्व्हरच्या पंख्यांच्या पिन प्रत्येक कंपनीच्या वेगळ्या, आंधळेपणाने जोडू नका.

लेथमास्तर_इचलकरंजी

ऐरोलीकरांचं पटलं, पण झडपेच्या आधी फटी बघा. पंख्यांची ओळ म्हणजे एक भिंत आहे आणि भिंतीला भोक कुठेही असलं तरी हवा तिथून मागे येणारच.

तुमच्या मूळ झाकणाच्या आतून, बरोबर पंख्यांच्या वर, फोमची पट्टी असेल. ती चपटी झालीय का, उष्णतेने डिंक सुटून सरकलीय का, ते बोट फिरवून बघा. ॲक्रिलिक शीटला ती पट्टी नव्हतीच, म्हणजे तुम्ही बघितलं त्यातलं थोडं वरच्या फटीतूनही आलं असेल. भिंतीत केबलसाठी खिडक्या असतात, त्याही बघा. केबल काढून टाकलेली खिडकी उघडीच राहते.

दुसरं, पंखे रबरी खिळ्यांवर बसवलेत का? डिस्कला कंपनं पोचू नयेत म्हणून रबर हवंच, फिरत्या डिस्कचं लिहिणं-वाचणं कंपनाने मंदावतं. पण रबरामुळे पंख्याची चौकट भिंतीपासून मिलिमीटर-दोन मिलिमीटर सुटी राहते. चारही कडांची फट जोडून धरली तर भोक लहान नाही. चौकटीभोवती मऊ, बंद पेशींच्या फोमची कड लावा. हलकी दाबली जाईल एवढीच, फार घट्ट केली तर रबर लावून उपयोग काय?

माळढोक_सोलापूर

दोघांचेही मनापासून आभार. पंखा काढून पॉलिकार्बोनेटचा तुकडा बसवला. मास्तर, फोमची पट्टी खरंच एका टोकाला सुटून खाली लोंबत होती, तीही बदलली. दुसरा प्रोसेसर आता ७२ अंशांवर आहे, डिस्क ४९ वरून ४१ वर. आवाज तेवढाच आहे, कारण बीएमसीला (सर्व्हरवर देखरेख ठेवणाऱ्या चिपला) एक पंखा कमी दिसतो आणि तो बाकीच्यांना पूर्ण वेगातच ठेवतो. काउंटरवरच्या मुलींना तेवढं सोसायला सांगितलंय.

पार्ट आला की सर्व्हर चालू असतानाच बदलायचा विचार आहे, खाच हॉटस्वॅपची आहे. काही धोका?

ऐरोलीचा_वारा

तुकडा काढण्याआधी नवा पंखा खोक्यातून काढून हाताशी ठेवा. मधल्या वेळात ती खाच पूर्ण उघडी असते, आणि झाकणही उघडं. काम मिनिटाभरात उरकायला हवं.

घालण्याआधी चौकटीच्या कडेवरचे दोन बाण बघा, एक पाती कुठे फिरतात त्याचा आणि दुसरा हवा कुठे जाते त्याचा. हवेचा बाण प्रोसेसरकडे. बाण नसेल तर मोटर धरून ठेवणाऱ्या आडव्या काड्या ज्या बाजूला आहेत, त्या बाजूने बहुतेक पंख्यांची हवा बाहेर पडते.

खरा धोका पंखा सुरू होताना. खाचेत बसता बसताच उलट्या हवेने पाती उलटी फिरू लागतात आणि मोटरला आधी ती थांबवून मग सुलट फिरवावी लागतात. काही पंख्यांचं सर्किट हे नीट करतं. काही जास्त करंट ओढतात, अडखळतात आणि सुरूच होत नाहीत. झडप असली की पाती थांबलेली असतात आणि पंखा सहज उचलतो. तुमच्याकडे झडप अजून नाही, म्हणून बसवल्यावर आरपीएमवर लक्ष ठेवा. पण नुसता आकडा दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका. वेगाच्या तारेवर दर फेऱ्याला दोन ठोके येतात, त्यातून दिशा कळत नाही. आकडा शेजारच्या पंख्यांच्या जवळ पोचला आणि बाकीचे तिघे खाली आले, की झालं.

मुक्काम_म्युनिक

ताई, रॅकचंही बघा. सर्व्हरच्या वर-खाली यू रिकामे असतील तर मागची गरम हवा तिथून पुढे येते आणि आतली सगळी मेहनत पाण्यात. नेटवर्क स्विच असेल तर त्याचे पंखे कुठल्या दिशेचे आहेत तेही तपासा. काही स्विच पोर्टच्या, म्हणजे केबल लावतात त्या बाजूने हवा घेतात, काही तिथून सोडतात. दोन्ही प्रकार मिळतात आणि खरेदी करताना कुणी विचारत नाही.

माळढोक_सोलापूर

सर्व्हरच्या खाली चार यू मोकळे आहेत आणि स्विच नेमका त्यांच्याखाली आहे. आत्ताच हात धरून बघितला, पोर्टच्या बाजूने गरम हवा येतेय, तीही थंड हवेच्या बाजूला. मोकळे यू झाकायला ब्लँक पॅनल आजच मागवते. स्विचसाठी उलट दिशेचे पंखे मिळतात का, की तो रॅकच्या मागून बसवावा लागेल, ते त्याच्या मॉडेलवरून बघून कळवते.