तान्ह्या बाळाच्या आठवणी

सिनेमाच्या पुढच्या भागात आधीच्या भागाचं जुनं फुटेज पुन्हा वापरलं की 'बजेट नव्हतं' असा बचाव केला जातो; तो मान्य. पण 'सायलेंट नाइट, डेडली नाइट' या भयपटाचा १९८७चा दुसरा भाग बघाच. जवळजवळ निम्मा सिनेमा १९८४च्या पहिल्या भागातून उचललाय! या भागातला खुनी रिकी मानसोपचारतज्ज्ञासमोर बसून सगळं 'आठवतो'. अरे बाबा, आईबापांचा खून झाला तेव्हा तू तान्हा होतास! मोठ्या भावाच्या, म्हणजे पहिल्या भागातल्या खुन्याच्या, दुकानातल्या कारनाम्यांचीही याला खडान्‌खडा माहिती. असो. निर्मात्यांना म्हणे पहिलाच भाग कापून-जोडून खपवायचा होता. दिग्दर्शक ली हॅरीने थोडं नवं शूटिंग पदरात पाडून घेतलं. आणि लोकांच्या लक्षात राहिलं ते नेमकं तेच: कचऱ्याचा डबा बाहेर ठेवणाऱ्या माणसाला रिकी 'गार्बेज डे!' ओरडून गोळी घालतो.