माडीच्या कड्यांची टोकं भिंतीत कुजलीत, जोड चालेल का?

गावभागवाला:
सांगलीत गावभागात आज्ज्याच्या वेळचं घर आहे, मातीच्या भिंती आणि वर लाकडी माडी. रिनोव्हेशन काढलंय, माडीवरची शहाबादी आणि तिच्या खालची माती उचलली तर चार कड्यांची (माडी पेलणाऱ्या आडव्या लाकडांची) भिंतीतली टोकं गेलेली निघाली, स्क्रूड्रायव्हर खुपसला तर मुठीपर्यंत आत जातोय, पण भिंतीपासून हातभर पुढं लाकूड एकदम टणक, सागवान आहे. गवंडी म्हणतोय सगळं पाडा, स्लॅब टाका. काय करू?

जुनं_लाकूड:
स्लॅबचं डोक्यातनं काढा राव. मातीच्या भिंतीला तो भार झेपत नाही, आतनं कॉलम घ्यावे लागतील, मग ते रिनोव्हेशन कसलं. जोड द्या. आधी खालनं टेकू लावा, टेकूच्या वर आणि खाली आडवी फळी पायजेच, आणि जॅकनं उचलायचं तर रोज थोडं थोडं, घाई केली की भिंतीला तडा. मग कुजकं कापून कडीच्या दोन्ही अंगांनी सी चॅनल (सी आकाराचा लोखंडी पट्टा) लावायचं, चांगल्या लाकडावर तीनेक फूट तरी आलं पायजे आणि दुसरं टोक भिंतीत दगडावर बसवायचं. 12 एमएमचे आरपार बोल्ट, मोठे वायसर, बोल्ट खालीवर मारा, एका ओळीत मारले की लाकूड चिरतंय.

मिरजेचा_सिव्हिलवाला:
बरोबर, पण कशानं गेलंय ते बघा आधी. मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी, बारीक भोकं आणि पिठासारखा भुसा असला तर भुंगा, आणि तपकिरी चौकोनी तुकडे पडत असतील तर ओल. चारी टोकं एकाच भिंतीत आहेत का?

गावभागवाला:
एकाच. तुकडेच पडतायत. 2019 च्या पुरात खालच्या खोल्यांत पाणी होतं, त्यानं झालं असंल का?

मिरजेचा_सिव्हिलवाला:
खालच्या खोल्यांतलं पाणी माडीपर्यंत कशाला चढंल. भिंतीच्या पलीकडं काय आहे?

गावभागवाला:
चुलत्यांचं बाथरूम 😐

जुनं_लाकूड:
घ्या, सापडला रोग!

मिरजेचा_सिव्हिलवाला:
मग गळती थांबवून भिंत वाळल्याशिवाय बोल्ट मारू नका, टेकू राहू देत तोवर, पावसाळ्यात तर महिने जातील. चॅनलला रेड ऑक्साईड (गंज रोखणारा रंग) मारा. आणि टोकाभोवती सिमेंट कोंबू देऊ नका, गवंड्यांना लय हौस असते, ओल आतच कोंडती. दोन्ही बाजूंनी बोटभर मोकळं ठेवा. वर परत माती-शहाबादी नको, नुसत्या फळ्या टाका, वजन निम्म्याच्या खाली येतंय.

गावभागवाला:
टेकू उद्या लावतो. चुलत्यांकडं वडलांना पाठवतो, माझं ते ऐकत नाहीत.