तक्ता पाठ आहे, पण सुटं अक्षर ओळखत नाही

बंगळूरकर:
मुलगी साडेचार वर्षांची. शाळेत इंग्रजी, घरी मराठी. भिंतीवरचा तक्ता घडाघडा म्हणते, पण 'ख' एकटा काढून दाखवला की गप्प. म-भ आणि घ-ध यांची सारखी अदलाबदल होते, आणि लिहिताना रेघ खालून वर नेते. आधी वही द्यावी की नुसती ओळख करून द्यावी? क ख ग घ याच क्रमाने जायचं का?

पाटीपेन्सिल:
ती अक्षर नाही, चित्र वाचतेय. चित्रांवर पट्टी ठेवून अधलंमधलं अक्षर विचारा, लगेच कळेल.

वर्णमालेचा क्रम उच्चाराच्या जागेवरून लागलाय. आकाराशी त्याचा काही संबंध नाही. म्हणून लिहायला शिकवताना 'गमभन' पद्धतीने सारख्या वळणाची अक्षरं एकत्र घेतात. माझं मत विचाराल तर भ पहिल्या गटात घेऊच नये. ग, म, न, र घ्या आणि लगेच काना द्या. एवढ्यावर मान, नाग, राग, गार, मामा, नाना, नगर होतात. आठवड्याभरात पोर शब्द वाचतं, मग त्याला हुरूप येतो. बाराखडी पाठ होईपर्यंत काना अडवून ठेवायचं काहीच कारण नाही.

आता म-भ. दोन्हींना खाली गाठ आहेच, फरक सगळा डोक्यावर. भ च्या डोक्याशी डावीकडे वळण आहे आणि तिथे शिरोरेघ तुटते. घ-ध आणि य-थ यांचंही तेच: ध, थ, भ या तिघांची रेघ उघडी, बाकीच्यांची बंद. मूल आधी आडवी रेघ ओढून तिला अक्षर लटकवत असेल, तर ही फट बुजते आणि ध चा घ होतो. म्हणून आधी अक्षर, शिरोरेघ शेवटी. ध आला की हात उचलायचा आणि फट सोडून पुढे जायचं. अशी जोडी एका दिवशी कधीच शिकवू नका. म पक्का झाला की आठ-दहा दिवसांनी भ.

बालवाडीताई:
वही आत्ता नको. क्रम असा ठेवा: जमिनीवर खडूने हातभर मोठं अक्षर आणि त्यावरून बोट, मग ताटात रवा पसरून (थर अर्धा सेंटिमीटर पुरे, जास्त झाला तर कडा ढासळतात आणि वळण दिसत नाही), मग पाटी, शेवटी मोठ्या चौकटींची वही. सोबत पुठ्ठ्यावर पॉलिश पेपरची अक्षरं कापून चिकटवा, उंची साधारण १० सेंटिमीटर. ८० नंबरचा पेपर बोटाला टोचतो, १५० चा बरा. तर्जनी आणि मधलं बोट मिळून फिरवायचं, लिहिण्याच्याच दिशेने, आणि त्याच वेळी तोंडाने आवाज: नुसतं 'म', 'म मगरीचा' नाही.

खालून वर जाणं बहुतेक इंग्रजीमुळे. ती अक्षरं खालच्या रेघेवर बसतात, आपली वरच्या रेघेला टांगलेली. पाटीच्या वरच्या बाजूला एक ठळक रंगीत रेघ मारा, सुरुवातीला हिरवा ठिपका द्या. पेन्सिल मुठीत धरत असेल तर खडूचा दोन-अडीच सेंटिमीटरचा तुकडा द्या. तेवढ्याला मूठ बसत नाही, तीन बोटंच लागतात. एका वेळी दहा-पंधरा मिनिटं, बस्स. पानभर एकच अक्षर गिरवायला लावलं तर तिसऱ्या ओळीपासून वळण बिघडतं आणि तेच बिघडलेलं हातात बसतं.

बंगळूरकर:
आभार दोघांचे! नेटवरून उतरवलेल्या सरावपानांत ल आणि श वेगळेच दिसतात. ते चालतील का?

पाटीपेन्सिल:
ती हिंदी वळणं. मंगलसारख्या फाँटात ल ला उभा दंड येतो. मराठीत पाकळीचा ल आणि देठाचा श. २०२२ च्या शासन निर्णयातही तेच आहे. त्या पानांवरचे ल-श खोडून हाताने काढून द्या, निदान पहिल्या वर्षी दोन रूपं समोर नकोत. ख मात्र त्या पानांवरही बघा: खालची जोड ठसठशीत हवी. ती सुटली की 'खा' चा 'रवा' होतो, आणि मूल वाचतं ते बरोबरच असतं!

बालवाडीताई:
ण आणि ळ साठी तक्त्यात शब्द शोधत बसू नका. नेहमीच्या शब्दांची सुरुवात या अक्षरांनी होत नाही. 'बाण' आणि 'बाळ' हे शब्द लिहा, शेवटचं अक्षर वेगळ्या रंगात. हे दोन्ही शेवटच्या गटात ठेवले तरी चालतील. उलटं अक्षर अधूनमधून आलं तर या वयात घाबरायचं कारण नाही. लाल फुली न मारता शेजारी नीट काढून दाखवा आणि रव्यावर पुन्हा एकदा फिरवून घ्या.