झेडएक्स स्पेक्ट्रमसाठी सी कंपायलर कोणता घ्यावा?

प्रश्न: काकांचा डीबी स्पेक्ट्रम प्लस पुन्हा सुरू झालाय, १९८०च्या दशकातल्या झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती कॉम्प्युटरची आवृत्ती, भारतात डेसिबेल्स कंपनीने काढलेली ती. ४८ केबी रॅम, ३.५ मेगाहर्ट्झचा झेड८० प्रोसेसर. त्यावर सीमध्ये सापाचा गेम लिहायचाय. हायसॉफ्ट सी हा कंपायलर (सीमधला प्रोग्राम मशीनच्या भाषेत बदलणारा) मशीनवरच चालतो, त्याचं मला फार अप्रूप आहे. तोच घेऊ की लॅपटॉपवरचा?

असेंब्लीवाला: डोळे झाकून झेड८८डीके घ्या, लॅपटॉपवर चालणारं किट. हायसॉफ्टमध्ये कंपायलर आणि तुमचा सोर्स त्याच ४८ केबीत बसवावे लागतात, शिवाय फ्लोट (अपूर्णांकी संख्या) नाही. झेड८८डीकेमध्ये दोन कंपायलर येतात. रोजच्या कामाला एससीसीझेड८० वापरा, झटपट होतं. गेम आकाराला आला की झेडएसडीसीसीवर ऑप्टिमायझेशन वाढवून बघा. वेळ खातो, पण कोड बहुतेकदा सरस निघतो.

आणि एक, फार महत्त्वाचं: लूपमधला मोजणीचा 'इंट आय' (दोन बाइटचा, स्टॅकवरचा) काढून 'स्टॅटिक अनसाइन्ड चार' (एका बाइटचा, ठरावीक पत्त्यावरचा) करा. स्टॅकवरचा बाइट आयएक्स रजिस्टरमार्फत आणायला १९ टी-स्टेट (प्रोसेसरच्या घड्याळाचे ठोके) लागतात, ठरावीक पत्त्यावरून थेट ए रजिस्टरमध्ये १३. सापाच्या प्रत्येक पावलाला हा फरक जाणवतो.

जुनीकॅसेट: सहमत. कोड मेमरीत ३२७६८ या पत्त्याच्या वर ठेवा; त्याखालच्या रॅमसाठी स्क्रीन काढणारी यूएलए चिप प्रोसेसरला थांबवते. स्कोअरपुरतं प्रिंटएफ (मजकूर छापणारं सीचं फंक्शन) नको, बरीच मेमरी गिळतं.

प्रश्नकर्ती: पटलं. आधी फ्यूज एम्युलेटरवर (स्पेक्ट्रमची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर) चालवते, मग टॅप फाइल (कॅसेटची डिजिटल प्रत) मोबाइलमधून आवाज म्हणून स्पेक्ट्रमच्या इअर सॉकेटला. जॉयस्टिक नाहीये, क्यू-ए-ओ-पी कीजच ठेवते.