४ ओहमच्या स्पीकरला कोणता ॲम्प्लिफायर?

जळगावकर: स्पीकर ४ ओहमचे (ओहम म्हणजे विजेला होणारा अवरोध), सेन्सिटिव्हिटी (ठरावीक वीज दिल्यावर १ मीटरवर येणारा आवाज) ८५ डेसिबल, बसायची जागा ३ मीटरवर. सॉलिड स्टेट (व्हॉल्व्हऐवजी ट्रान्झिस्टरचा) ॲम्प किती वॅटचा घ्यावा?

धुळेकर: भाऊ, आधी ८५ हा आकडा कसा मोजलाय ते बघा. २.८३ व्होल्टला मोजला असेल, तर ४ ओहमवर ते २ वॅट होतात. म्हणजे निम्म्या पॉवरला, १ वॅटला, ३ डेसिबल कमी, ८२च. ८ ओहमला १०० वॅट आणि ४ ओहमला २०० वॅटच्या आसपास देणारा ॲम्प घ्या. ४ ओहमला आकडा जेमतेम वाढत असेल, तर पॉवर सप्लाय तोकडा समजा. २०० वॅटला ३ मीटरवर साधारण ९५ डेसिबल मिळतील, भरपूर झाले.

भुसावळकर: क्लास ए (सतत पूर्ण करंट घेऊन खूप तापणारा ॲम्प) टाळाच. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ला टेकतो, हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) थंड होणार कसा? क्लास एबी (त्यापेक्षा कमी तापणारा) घ्या, वर वीतभर जागा मोकळी सोडा.

जळगावकर: ५० वॅटचा स्वस्तात मिळतोय, चालेल?

धुळेकर: हळू ऐकणार असाल तर चालेल. आवाज वाढवून ॲम्प क्लिप झाला (ताकद संपून सिग्नलची टोकं कापली गेली), की आधी ट्वीटर (उंच सुरांचा छोटा स्पीकर) जळतो.